पंचेचाळीस टक्क्यांचे काय झाले?

ऑक्टोबर २०१५ च्या आरंभी, गांधीजयंतीचे औचित्य साधून, भारताने हवामानबदलाविषयीचे आपले संकल्पपत्र संयुक्त राष्ट्रसंघाकडे सुपूर्द केले. पॅरिसची परिषद तेव्हा दोन महिन्यांवर आली होती. या पत्राचा प्रारंभ यजुर्वेदातील शांतिमंत्राने झाला होता. पृथ्वीला माता मानणाऱ्या राष्ट्राने जगापुढे जाताना आपल्या भाषेत, आपल्या परंपरेचा उच्चार करून जावे, याचा तेव्हा अनेकांना आनंद झाला होता, आणि तो रास्तच होता. पत्रातील तीन आकडे वर्तमानपत्रांतून गाजले. राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रमाणात होणारे उत्सर्जन २००५ च्या तुलनेत २०३० पर्यंत ३३ ते ३५ टक्क्यांनी घटविणे, वीजनिर्मितीच्या स्थापित क्षमतेतील ४० टक्के वाटा खनिज इंधनाव्यतिरिक्तच्या साधनांचा करणे आणि अडीच ते तीन अब्ज टन कार्बन शोषून घेईल इतके वनाच्छादन वाढविणे, हे ते तीन संकल्प.

त्याच पत्राच्या पोटात आणखी एक आकडा होता. तो फारसा कोणाच्या नजरेस आला नाही. भूपृष्ठावरील एकूण वाहतुकीत रेल्वेचा वाटा ३६ टक्क्यांवरून ४५ टक्क्यांपर्यंत नेण्याचा मानस त्यात नोंदविलेला होता. मालवाहतुकीच्या समर्पित मार्गिकांमुळे तीस वर्षांत सुमारे ४५.७ कोटी टन कार्बन वायूचे उत्सर्जन टळेल, असा हिशेबही दिलेला होता. परंतु हे सारे वर्णनाच्या भागात. ज्या संकल्पांसाठी राष्ट्र जगाला आणि स्वतःलाही उत्तरदायी असते, त्या यादीत वाहतुकीला स्थान मिळाले नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने सुधारित संकल्पांना संमती दिली. उत्सर्जन-तीव्रतेतील घट ४५ टक्के आणि बिगर-खनिज क्षमता ५० टक्के, अशी उद्दिष्टे उंचावण्यात आली. वाहतुकीचा आकडा याही खेपेस आला नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये शर्म अल् शेख येथे सादर झालेल्या दीर्घकालीन धोरणात वाहतुकीचा स्वतंत्र विचार आहे, हे खरे; पण धोरणातील विचार आणि मोजता येणारा संकल्प यांत, लग्नाचा विचार आणि मुहूर्त यांत असते, तितके अंतर असते.

आकडा लिहिला की काय होते, याचे उदाहरण आपल्यापुढेच आहे. वीजक्षमतेचा ५० टक्क्यांचा संकल्प २०३० चा होता. तो २०२५ च्या मध्यासच, पाच वर्षे आधी पूर्ण झाला. संकल्प लिहिलेला होता, म्हणून अर्थखात्याने तरतूद केली, राज्यांना हिस्से ठरवून दिले गेले, खाजगी भांडवल आले आणि दर सहामाहीस कोणीतरी विचारणारे होते. वाहतुकीविषयी हे विचारणारे कोणीच नाही. जून २००८ च्या राष्ट्रीय कृती आराखड्यात आठ अभियाने होती. सौरऊर्जेला, पाण्याला, हिमालयाला स्वतंत्र अभियान मिळाले, वाहतूक मात्र शाश्वत अधिवासाच्या अभियानातील एक पोटकलम होऊन राहिली. पक्ष बदलले, सरकारे बदलली, पण हे दुय्यमपण बदलले नाही.

देशात ऊर्जेच्या वापरातून जे कार्बन उत्सर्जन होते, त्यातील सुमारे एक-सप्तमांश वाहतुकीचे असते आणि त्याचाही जवळपास नऊ-दशांश भाग रस्त्यावरचा असतो. स्वातंत्र्य मिळाले तेव्हा हे चित्र उलट होते. १९५०-५१ मध्ये देशातील मालवाहतुकीचा ८५ टक्क्यांहून अधिक भार रेल्वे उचलीत होती. राष्ट्रीय रेल्वे आराखडा तयार झाला, त्या सुमारास हा वाटा २७ टक्क्यांच्या आसपास आला होता, आणि त्या आराखड्यानेच मालवाहतुकीतील वाटा २०३० पर्यंत पुन्हा ४५ टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट मांडले आहे. पोलादी रुळावर पोलादी चाक फिरते तेव्हा घर्षण अत्यल्प असते, म्हणून तेच टनभर ओझे ट्रकपेक्षा कितीतरी कमी इंधनात जाते. हे शाळकरी मुलालाही समजते. मग माल रस्त्यावर का गेला?

कारण आपण त्याला तिकडे ढकलले. प्रवासी भाडे वाढविणे कोणत्याही मंत्र्यास राजकीयदृष्ट्या परवडत नाही. त्यामुळे प्रवाशांवरील तोटा मालाच्या भाड्यातून भरून काढण्याची रीत पडली. मालगाडीला वेळापत्रक नव्हते. प्रवासी गाडी पुढे जाईपर्यंत ती बाजूच्या रुळावर तासन्‌तास उभी. मालधक्क्यापर्यंत माल ट्रकनेच न्यायचा, तिथे हमाली द्यायची, पलीकडच्या स्थानकावर पुन्हा तेच. व्यापारी हिशेबी असतो. त्याने सरळ ट्रक बोलावला आणि दारापासून दारापर्यंत माल पोचविला. आज रेल्वेच्या वाघिणींत जो माल असतो, त्याचा निम्म्याच्या आसपास भाग निव्वळ कोळसा आहे. उद्या सूर्य-वाऱ्याची वीज वाढून कोळशाची मागणी उतरू लागली, म्हणजे रेल्वेचा सर्वांत मोठा गिऱ्हाईकच जाणार! सिमेंट, खत, धान्य, मोटारी, कंटेनर, फळे आणि दूध हा माल आतापासून वळवून घेतला नाही, तर हवामानाचा एक संकल्प पाळताना आपण दुसऱ्याचे पाय कापू.

शेतमालाच्या बाबतीत महाराष्ट्राने याचा अनुभव घेतला आहे. देशातील पहिली किसान रेल ७ ऑगस्ट २०२० रोजी नाशिकजवळच्या देवळालीहून बिहारमधील दानापूरकडे निघाली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये शंभरावी किसान रेल सोलापूर जिल्ह्यातील सांगोल्याहून बंगालमधील शालिमारला गेली आणि पंतप्रधानांनी स्वतः तिला हिरवा झेंडा दाखविला. भाड्यात पन्नास टक्के सवलत होती. सांगोल्याच्या डाळिंबाला कोलकात्याची बाजारपेठ दिसली. छोटा शेतकरीही थोडा माल पाठवू शकत होता, पूर्ण वाघीण भरण्याची सक्ती नव्हती. मागणी आहे की नाही, याचे उत्तर त्या गाड्यांनी देऊन टाकले. परंतु सवलतीचे पैसे वर्षागणिक मंजूर करून घ्यायचे होते. तो ओघ आटला आणि गाड्याही मंदावल्या. ही योजना एखाद्या राष्ट्रीय संकल्पाचा भाग असती, तर डाळिंबाच्या पेट्या इतक्या सहजी पुन्हा रस्त्यावर आल्या असत्या का?

कोकणची कथा अधिक समाधानाची आहे. कोकण रेल्वेने १९९९ मध्ये रायगडमधील कोलाडपासून गोव्यातील वेर्ण्यापर्यंत भरलेले ट्रकच्या ट्रक रेल्वेच्या सपाट वाघिणींवर चढवून नेण्याचा प्रयोग सुरू केला. चालक आपल्या गाडीतच बसून राहतो, घाट आणि वळणे टळतात, डिझेल वाचते, टायर वाचतात, आणि माणूस थकत नाही. मुंबई-गोवा महामार्गाची गेल्या दीड दशकातील दशा ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना या सोयीचे मोल वेगळे सांगावयास नको. (त्या महामार्गाविषयी एक स्वतंत्र अग्रलेख लिहावा लागेल, असो.) हा प्रयोग पुढे कर्नाटकातील सुरतकलपर्यंत विस्तारला. एवढा सोपा उपाय देशभर का पसरू नये?

न्याय म्हणून हेही सांगितले पाहिजे की गेल्या दशकात रेल्वेने केलेले काम लहान नाही. २०१४ पर्यंत जेमतेम बावीस हजार किलोमीटर मार्गाचे विद्युतीकरण झाले होते. आज ब्रॉडगेजचे जवळपास सारे जाळे विजेवर आले आहे. लुधियाना ते सोननगर ही पूर्वेची मालवाहतूक मार्गिका उभी राहिली. पश्चिमेची दादरी ते जवाहरलाल नेहरू बंदर ही मार्गिका दीड हजार किलोमीटरची; तिचे काम उत्तरेकडून पूर्ण होत आले आणि सर्वांत शेवटी मागे राहिला तो वैतरणेपासून बंदरापर्यंतचा सुमारे शंभर किलोमीटरचा तुकडा, म्हणजे आपल्याच महाराष्ट्रातला. देशातील कंटेनरचे अग्रगण्य बंदर ज्या टोकाला आहे, तेच टोक सर्वांत उशिरा जोडले जावे, यात राज्यकर्त्यांइतकाच नागरिकांच्याही उदासीनतेचा भाग आहे.

आता मूळ आक्षेपाकडे वळू. अमेरिकेने जानेवारी २०२५ मध्ये पॅरिस करारातून दुसऱ्यांदा बाहेर पडण्याचा आदेश काढला. तेथील माणूस सरासरी आपल्या सहा-सात पट कार्बन सोडतो. दीडशे वर्षे धूर सोडून श्रीमंत झालेल्यांनी पाठ फिरवावी आणि आम्ही मात्र अधिकाधिक बंधने गळ्यात घालून घ्यावीत, हे कोणत्या न्यायात बसते? हा प्रश्न आमच्या अनेक कार्यकर्त्यांच्या मनात आहे आणि तो चुकीचा नाही. पाश्चिमात्यांचे उपदेश ऐकून घेण्याची आवश्यकता आम्हांस मुळीच वाटत नाही. हवामान-वित्ताची त्यांची आश्वासने किती पाळली गेली, तेही जग जाणते.

परंतु येथे प्रश्न त्यांचा नाहीच. भारत आपल्या गरजेच्या सुमारे ८८ टक्के खनिज तेल बाहेरून आणतो. पश्चिम आशियात तोफ धडाडली की तिचा हादरा वाशीच्या भाजीबाजारात बसतो. ज्या राष्ट्राची चाके परक्याच्या विहिरीवर अवलंबून आहेत, त्याने ‘स्व’चा उच्चार करताना थोडे थांबून विचार करावा. विद्युत मोटारींकडे वळावे, हे योग्यच. तथापि एप्रिल २०२५ मध्ये चीनने दुर्मीळ मूलद्रव्यांच्या निर्यातीवर निर्बंध घालताच आपल्या वाहन कारखान्यांत जी चिंता पसरली, ती विसरता येणार नाही. शिवाय देशात प्रत्यक्ष तयार होणारी सुमारे तीन-चतुर्थांश वीज अद्याप कोळशाची आहे. प्रत्येक घरापुढे पेट्रोलच्या मोटारीऐवजी विजेची मोटार उभी राहिली, तर तेलाचे परावलंबन जाऊन बॅटरीचे येईल आणि रस्त्यावरची कोंडी तशीच राहील. रूळ, डबे, इंजिने आणि बस मात्र आपण स्वतः घडवितो. म्हणून सामूहिक वाहतुकीचा संकल्प हा स्वदेशीचाच संकल्प आहे, आणि तो पॅरिसमधून आलेला नाही.

शहरांचे चित्र तर अधिक बोचरे आहे. २०११ च्या जनगणनेनुसार शेती आणि घरगुती उद्योग वगळता इतर कामकरी लोकांत एक-तृतीयांशाहून अधिक माणसे कामावर पायी किंवा सायकलने जात होती. मोटारीने जाणारे तीन टक्क्यांच्याही आत होते. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने वाहनांना नव्हे, माणसांना वाट द्यावी असे स्पष्ट म्हटले. त्यानंतर काय झाले? मुंबईत बेस्टच्या ताफ्यात एकेकाळी चार हजारांहून अधिक बसगाड्या होत्या. २०२५ मध्ये त्या तीन हजारांच्या खाली आल्या. केंद्राच्या मापदंडाप्रमाणे चांगल्या सेवेसाठी लाख लोकवस्तीमागे साठ बस हव्यात. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचा मिळून ताफा दोन हजारांच्या आसपास, म्हणजे निम्म्यालाही पोचत नाही. पुण्याने २००६ च्या अखेरीस देशात प्रथम बसगाड्यांसाठी स्वतंत्र मार्गिका आखल्या, आणि पुढे मोटारवाल्यांच्या ओरडीपुढे त्यांतील काही उखडूनही टाकल्या. अटल सेतू ही भारतीय अभियंत्यांच्या कर्तृत्वाची खूण आहे, तिचा अभिमान वाटावाच. पण त्यावरून स्वतःच्या मोटारीने जाणारा आणि लोकलच्या दारात लोंबकळणारा, या दोघांपैकी राज्याची तिजोरी आधी कोणासाठी उघडावी, हा प्रश्न अंत्योदयाचे नाव घेणाऱ्यांनी तरी विचारला पाहिजे.

ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने पीएम ई-बस सेवा योजनेत दहा हजार विजेच्या बसगाड्यांना मंजुरी दिली. पाऊल स्वागतार्ह आहे. परंतु योजना मुदतीची असते आणि महापालिका कंगाल. मुदत संपल्यावर बस रोज चालविण्याचा तोटा कोणी सोसायचा, यावर महापौर ते मंत्रालय सगळेच एकमेकांकडे पाहतात.

पॅरिस करारातील तरतुदीनुसार कोणतेही राष्ट्र आपला संकल्प केव्हाही उंचावू शकते. त्यासाठी पाच वर्षांच्या फेरीची वाट पाहावी लागत नाही. आमचे म्हणणे इतकेच की, २०१५ साली वर्णनात ठेवलेला रेल्वेच्या वाट्याचा आकडा आता संकल्पांच्या यादीत यावा आणि त्याशेजारी शहरांतील लाख लोकांमागील बसगाड्यांचाही आकडा यावा. या दोन्ही गोष्टी आपल्याच सरकारी कागदांत, आपल्याच अधिकाऱ्यांनी यापूर्वी लिहिलेल्या आहेत. संघाने शताब्दी वर्षात मांडलेल्या पंच परिवर्तनात पर्यावरण आहे आणि ‘स्व’चा बोधही आहे. त्यानुसार घरोघरी पाणी वाचविणे, प्लॅस्टिक टाळणे सुरू झाले आहेच. आता वस्तीतल्या बैठकीत आपल्या खासदाराला निमंत्रित करावे आणि आपल्या तालुक्याच्या मालधक्क्यावरून गेल्या वर्षी किती वाघिणी भरल्या, हे त्यांना विचारावे. नगरसेवकाला विचारावे, की आपल्या प्रभागातून सकाळी आठ ते दहा या वेळेत किती बस सुटतात. बहुतेक ठिकाणी पहिल्या बैठकीत उत्तर मिळणार नाही. दुसरी बैठक महिन्याच्या आत ठेवावी.