मुलांच्या मापाची जंगलफेरी : राज्याच्या वनविभागाला खुले पत्र

प्रति,
प्रधान मुख्य वनसंरक्षक (वन्यजीव),
महाराष्ट्र राज्य, नागपूर

विषय : लहान मुलांसह राष्ट्रीय उद्याने पाहायला येणाऱ्या कुटुंबांबाबत

महोदय,

महाराष्ट्रात सहा राष्ट्रीय उद्याने आहेत : चंद्रपूर जिल्ह्यातले ताडोबा, नागपूरजवळचे पेंच, गोंदियातले नवेगाव, मेळघाटातले गुगामल, बोरिवलीचे संजय गांधी उद्यान आणि सह्याद्रीतले चांदोली. ताडोबा १९५५ सालचे, राज्यातले सर्वांत जुने. चांदोली २००४ सालचे, सर्वांत नवे. शाळांना सुट्ट्या लागल्या की मुलांना घेऊन यांपैकी कुठेतरी जायचे बेत घरोघरी सुरू होतात आणि बहुतेक घरांत निवड एकाच प्रश्नावर होते : वाघ कुठे दिसेल? बेत बिघडायला इथूनच सुरुवात होते. तो सावरणे काही अंशी पालकांच्या हाती आहे, पण त्याहून कितीतरी अधिक वनविभागाच्या.

पहिली गोष्ट जागेच्या निवडीची. चार-पाच वर्षांच्या मुलाला पायी चालता यावे, मध्येच थांबता यावे आणि कंटाळा आला तर परत फिरता यावे, इतकेच जंगल पुरते. त्या वयासाठी बोरिवली उत्तम. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे हे जंगल महानगराच्या आत आहे, त्यात बिबटे आहेत, कान्हेरीची लेणी आहेत, आणि मुंबई-ठाण्याच्या कुटुंबाला मुक्कामाशिवाय ते पाहता येते. नवेगावचा तलाव हिवाळ्यात पाणपक्ष्यांसाठी पाहावा. मारुती चितमपल्ली यांनी वनाधिकारी म्हणून तिथे काम केले आणि तिथल्या पक्ष्यांचे जग मराठीत आणले. आठ-दहा वर्षांच्या मुलांना पेंचला न्यावे. जानेवारी २०२४ मध्ये ते देशातले पहिले डार्क स्काय पार्क ठरले, त्यामुळे दिवसा जंगल आणि रात्री शहरात कधी न दिसणारे तारे असा दुहेरी लाभ होतो. मेळघाट मोठ्या मुलांसाठी. डोंगररस्ते लांबचे, जंगल विस्तीर्ण, गव्यांचे कळप, कोरकू गावे. १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या नऊ क्षेत्रांपैकी हे एक. चांदोलीत वाघ दिसण्याची आशा धरून कोणी जाऊ नये, मात्र पश्चिम घाटाचे दाट सदाहरित रान मुलांना दाखवायचे असेल तर तिथे जरूर जावे.

ही माहिती प्रत्येक पालकाने इकडून तिकडून गोळा करावी, हे बरोबर नाही. सफारीचे बुकिंग ज्या संकेतस्थळावर होते तिथेच, बुकिंगच्या आधी, कोणते उद्यान कोणत्या वयाच्या मुलाला झेपेल हे मराठीत सांगितलेले असावे.

दुसरी गोष्ट ऋतूची, आणि इथे शाळेचे वेळापत्रक व जंगलाचे वेळापत्रक एकमेकांशी जुळत नाही. मे महिन्यात सुट्टी असते, पाणवठ्यांवर प्राणी येतात, सायटिंग चांगले होते; म्हणून सारी गर्दी तेव्हाच. पण चंद्रपूरचा पारा मेमध्ये ४५ अंशांच्या पुढे जातो आणि दुपारच्या फेरीत उघड्या जिप्सीत बसलेल्या सहा वर्षांच्या मुलाचे डोके सायंकाळी दुखायला लागते. डिसेंबरच्या पहाटे उलट अवस्था : चालत्या उघड्या गाडीत वारा असा लागतो की घोंगडी, कानटोपी, हातमोजे यांच्याशिवाय मुलाला नेऊच नये. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस फुलतो, हवा सुखाची असते, पण परीक्षा तोंडावर असतात. जुलै ते सप्टेंबर ताडोब्याचा कोअर, म्हणजे आतल्या गाभ्याचा भाग बंदच असतो. राहते दिवाळीची सुट्टी. त्या दिवसांत गवत उंच असते, पाणी जागोजाग असते, वाघ क्वचित दिसतो, म्हणून जाणकार मंडळी तिला गौण मानतात. मुलांसाठी मात्र तीच सर्वांत चांगली वेळ आहे. नाले वाहते असतात, फुलपाखरे विपुल, आणि दोन झाडांच्या मध्ये ताणलेली मोठाल्या कोळ्यांची जाळी सकाळच्या दवात लखलखतात. वनविभागाने दिवाळीच्या सुट्टीतले जंगल मुलांचे म्हणून पुढे आणावे. मे महिन्यावरचा ताणही त्याने थोडा हलका होईल.

तिसरी गोष्ट बुकिंगची. नावे, वये आणि ओळखपत्राचे क्रमांक आगाऊ भरावे लागतात. एका जिप्सीत चालक आणि गाइड सोडून सहा पर्यटक बसतात. आजी-आजोबा, आई-वडील आणि तीन मुले असे घर निघाले की गाडीचा हिशेब चुकतो आणि कुटुंब दोन गाड्यांत विभागले जाते. साप्ताहिक सुट्टीचा वारही सगळीकडे एक नाही. बोरिवलीत सोमवार, ताडोब्यात मंगळवार. सर्वाधिक घोटाळा गेटवरून होतो. मोहर्ली, कोलारा, नवेगाव (गोंदियातले उद्यान नव्हे), झरी, पांगडी, खुटवंडा ही ताडोब्याच्या कोअरची गेटे जंगलाच्या वेगवेगळ्या बाजूंना आहेत आणि नावे वाचून अंतराची कल्पना येत नाही. ज्याने मोहर्लीला मुक्काम ठरवला आणि कोलाऱ्याची सकाळची फेरी मिळाली म्हणून घेतली, त्याला भर रात्री मुलांना उठवून जंगलाला बाहेरून वळसा घालावा लागतो. गेट निवडतानाच तिथून जवळचे मुक्कामाचे गाव, रेल्वे स्थानक आणि रस्त्याने लागणारा वेळ पडद्यावर दिसला, तर हा त्रास मुळातच टळेल. कुटुंबातली सगळी माणसे एकाच वेळी, एकाच गेटने आत जातील अशी जोडबुकिंगची सोयही अवघड नसावी.

खरा प्रश्न आहे तो प्रत्यक्ष फेरीचा. फेरी साधारण चार तासांची असते आणि ठरावीक जागा सोडून गाडीतून उतरता येत नाही. हा नियम योग्यच आहे आणि तो कोणासाठी सैल होऊ नये. पण चार तास एका जागी, शक्यतो गप्प बसणे हे पाच वर्षांच्या मुलाच्या स्वभावात बसत नाही. पहिल्या तासात ते सगळीकडे बघते, दुसऱ्यात विचारते, तिसऱ्यात झोपते आणि चौथ्यात रडते; आणि मग त्याला शांत कसे करावे या विवंचनेत आई-वडिलांचेही जंगल राहून जाते. यावर उपाय बफरमध्ये, म्हणजे कोअरभोवतीच्या पट्ट्यात आहे. तिथे दीड-दोन तासांची, कमी शुल्काची, केवळ मुले असलेल्या कुटुंबांसाठी राखलेली फेरी ठेवावी. आगरझरीच्या फुलपाखरू उद्यानासारखी जागा तिला जोडून घेता येईल. मूल गाडीतून उतरेल, हात लावण्याजोगी साल, बी, पान पाहील आणि मगच मुक्कामाला परतेल. बफरमधल्या गावांना त्यातून रोजगारही मिळेल.

अशा फेरीत दाखवण्यासारखे काय आहे? धुळीत उमटलेला वाघाच्या पंजाचा ठसा, आणि त्यावरून चाललेल्या मुंग्या पाहून तो किती जुना असावा याचा अंदाज. चितळाने पाय आपटणे. झाडाच्या शेंड्यावरून वानराने दिलेला कॉल, म्हणजे धोक्याचा इशारा. सांबराचा कॉल त्याहून भरवशाचा का मानतात, हे गाइडने समजावले तर आठ वर्षांचे मूल पुढचा अर्धा तास कान टवकारून बसते. पांढऱ्या खोडाचे कांडोळ, ज्याला लोक भुताचे झाड म्हणतात. माणसाच्या उंचीची वारुळे आणि ती उकरणारे अस्वल. मोहाची फुले वेचायला पहाटे निघणारी माणसे. ताडोबा हे नाव तारू या गोंड दैवतावरून आले आणि त्याचे ठाणे तलावाकाठी आहे, ही गोष्ट. शाळेत शेकरू, हरियाल, ताम्हण आणि ब्लू मॉरमॉन ही राज्याची मानचिन्हे पाठ करून घेतात; ती पाठ केलेल्या मुलांपैकी फार थोड्यांनी ताम्हण फुललेला पाहिलेला असतो.

हे सांगणारी माणसे जंगलातच आहेत. गाइड बहुतेक आसपासच्या गावांतली तरुण मुले-मुली आहेत आणि त्यांना ठाऊक असलेले रान पुस्तकांत सापडत नाही. पण पर्यटक गाडीत बसताच वाघाबद्दल विचारतो आणि बक्षिसीही वाघावर ठरते, म्हणून सांबराचा कॉल ऐकताच गाडी पळते आणि कांडोळ मागे राहते. याच घाईचे टोक २०२४ च्या अखेरीस उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात दिसले : जिप्सींनी एका वाघिणीची आणि तिच्या बछड्यांची वाट दोन्ही बाजूंनी अडवली आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. प्राण्यापासून किमान २० मीटर आणि दोन गाड्यांमध्ये ५० मीटर अंतर असावे, असे राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची २०१२ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. मुले शिकतात ती गाडीतल्या मोठ्यांच्या वागण्यातून. वाघाला गाड्यांनी वेढलेले जे मूल पाहते, त्याच्या मनात वाघाशी वागायची तीच रीत ठसते. म्हणून प्रत्येक गेटवर काही गाइडांना मुलांशी बोलण्याचे वेगळे प्रशिक्षण आणि त्यासाठी वेगळे मानधन मिळावे, म्हणजे त्यांची कमाई सायटिंगवर अवलंबून राहणार नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत ज्युनिअर रेंजर नावाचा उपक्रम चालतो : मुलाला एक पुस्तिका मिळते, ते ठसे, पाने, पक्षी यांची निरीक्षणे तीत भरते, शपथ घेते आणि बिल्ला मिळवते. तिथल्या मराठी घरांतली मुलेही हे बिल्ले जमवतात. आपल्या सहाही उद्यानांसाठी अशी मराठी पुस्तिका व्हावी, आणि तिची सुरुवात वाघाने होऊ नये.

प्रकृतीची बाब थोडक्यात सांगण्यासारखी असली तरी दुर्लक्ष करण्यासारखी नाही. उन्हाळ्यात प्रत्येक मुलामागे पुरेसे पाणी आणि ओआरएस, धुळीपासून नाका-तोंडावर रुमाल, दम्याच्या मुलाचे औषध हाताशी, अंगभर फिक्या मातकट रंगाचे कपडे; हे पालकांनी पाहावे. फेरीत थांबायच्या जागी मुलींना आणि लहानग्यांना वापरता येईल असे स्वच्छ शौचालय, गेटवर सावली व पिण्याचे पाणी, जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचे नाव आणि अंतर लिहिलेला ठळक फलक. हे विभागाने पाहावे.

शेवटी त्या मुलांविषयी, जी पर्यटक म्हणून येत नाहीत. बफरमधल्या गावांत वाघ शेताच्या बांधावर येतो. चंद्रपूर जिल्ह्यात त्याच्या हल्ल्यांत माणसे दगावली आहेत, आणि तिथल्या मुलांना शाळेची वाटही जपून चालावी लागते. पुण्या-मुंबईच्या मुलाला जिप्सीतून दिसणारा वाघ आणि या मुलांचा वाघ एकच आहे, हे दोघांनाही कळायला हवे. गावांतल्या शाळांसाठी निसर्गशिक्षणाचे जे कार्यक्रम होतात, त्यांत बाहेरून आलेल्या कुटुंबातल्या मुलांना एखादा तास बसू द्यावे. आणि सुट्टीच्या हंगामातही कोअरच्या रोजच्या फेऱ्यांतली एक जिप्सी स्थानिक शाळांसाठी विनाशुल्क राखून ठेवावी. येत्या दिवाळीच्या सुट्टीपासून निदान ताडोबा आणि पेंच या दोन ठिकाणी याची सुरुवात व्हावी, ही विनंती.