भिंतीचा रंग कोणाच्या डोळ्यांनीं निवडावा?

दसरा तोंडावर आला, म्हणजे प्रत्येक मोठ्या कुटुंबांत एक गोड कलह सुरू होतो : माजघराला यंदा कोणता रंग द्यावयाचा? थोरल्या सूनबाईंना मोतिया हवा असतो, धाकट्या भावजींना अस्मानी, आणि मुलांचें मत रोज बदलतें. आमचें बिऱ्हाड नागपुरास, गांधीबागेंतील कापडबाजाराच्या मागच्या अरुंद गल्लींत. तीन वर्षांपूर्वीं ह्या कलहाचा निकाल आम्हीं इतका चुकीचा लावला, कीं तो वाचकांपासून लपविणें बरें नव्हे.

दुकानांतील झगझगीत दिव्याखालीं शेडकार्डावरची बोटभर चौकट पाहून आम्हीं सायीसारखा फिकट पिवळा रंग पसंत केला. सर्व एकसारखें दिसावें म्हणून दाराची चौकट व उंबरठा यांसही त्याच छटेचा तेलरंग दिला. फरशी नवी, तीही फिकीच. आल्यागेल्यांनीं वाखाणणी केली. महिन्याभरांत, दिवेलागणीच्या वेळीं, देवघराकडे जातांना आमच्या काकू अडखळून पडल्या आणि उजव्या मनगटाचें हाड मोडलें. काकूंचें वय तेव्हां अठ्ठ्याहत्तर. “उंबरठा दिसला नाहीं का हो?” असें सूनबाईंनीं विचारतांच त्या म्हणाल्या, “अग, उंबरठा होता तरी कोठें? सगळी भिंतच होती!”

हें उत्तर आम्हांस फार लागलें. वयोमानानें डोळ्यांतील भिंग पिवळसर व धुरकट होत जातें आणि बाहुली लहान होते. विशीच्या मानानें साठीच्या डोळ्याच्या पडद्यावर सुमारें एकतृतीयांशच उजेड पोंचतो. निळ्या छटा मंदावतात, फिके रंग एकमेकांत मिसळून जातात. म्हणजे जी व्यक्ति दिवसाचे चौदा तास माजघरांत काढते, तिला आमचा तो नाजूक रंग मुळीं दिसतच नव्हता. आणि तिला विचारण्याचें कोणाच्या ध्यानींही आलें नव्हतें!

खरें पाहतां, ही अक्कल आम्हांस गल्लीच्या तोंडाशींच मिळावयास हवी होती. लुगडें घेणारी जाणती बाई तें दुकानाच्या पायरीवर आणून उन्हांत पाहते, पदर काठाशीं धरून पाहते. मगच पैसे मोजते. पॅरिसच्या गोबेलँ येथील प्रसिद्ध विणकामशाळेंत रंगविभागावर शेव्रल नांवाचे रसायनशास्त्रज्ञ 1824 सालीं नेमले गेले. तेथें तक्रार अशी कीं, काळा धागा फिका उतरतो. त्यांनीं शोधून पाहिलें, तों रंगांत खोट नव्हती. शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळें काळा निस्तेज भासत होता. ह्यावर त्यांनीं 1839 सालीं मोठा ग्रंथच लिहिला. भिंतीलाही शेजार असतो : फरशीचा, दाराचा, आणि आमच्यासारख्या गल्लींत तर समोरच्या घराचाही.

दुसऱ्या खेपेस आम्हीं रंगाचे लहान डबे आणून, खिडकीलगतच्या भिंतीवर व तिच्या समोरच्या भिंतीवर दोन-दोन फुटांचे पट्टे दिले. दोन हात देऊन पुरते वाळूं दिले. कारण डिस्टेंपर ओला असतां गडद दिसतो, आणि चुना तर ओला असतां जवळजवळ दिसतच नाहीं, वाळल्यावर पांढरा उमटतो. मग ते सकाळीं, दुपारीं व दिवा लावून पाहिले. दिव्याचाही प्रकार पाहावा लागतो. 2700 केल्विनचा एलईडी अबोलीला खुलवितो, 6500चा तिलाच राखेची कळा आणतो. नागपूरकरांस आणखी एक अडचण. 23 मे 2013 रोजीं येथील पारा 47.9 अंशांवर गेला होता. अशा उन्हाळ्यांत खिडकींत कूलर बसतो आणि निम्मा उजेड तोच खातो. म्हणून दिवाळीच्या उजेडांत शोभणारा गडद रंग वैशाखांत कोंदट वाटूं लागतो. पांढरी भिंत पडलेल्या उजेडापैकीं शेंकडा 80च्या आसपास परत देते. गडद आमसुली शेंकडा 10 देखील देत नाहीं. (कूलरखालची भिंत ओल धरते व रंगाचे पोपडे निघतात, तें दुखणें निराळें.)

पट्ट्यांसमोर काकूंना खुर्ची दिली. त्यांनीं अस्मानीला “मळकट” म्हणून बाद केलें, भावजी हिरमुसले. भिंती मोतिया ठरल्या, चौकट व उंबरठा मात्र गडद आमसुली. “आतां दिसतो मेला!” असें म्हणून काकूंनीं उंबरठ्यावर हळदकुंकू वाहिलें.

गेल्या वर्षीं त्यांच्या दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूंवर शस्त्रक्रिया झाली. दुसरी पट्टी सुटल्यावर माजघरांत येतांच त्या दारांतच थबकल्या. “मला न विचारतां पुन्हां रंग दिलात वाटतें? इतका पांढरा कधीं होता हा?” माळ्यावरचा जुना डबा खालीं काढून झांकणावरचा वाळलेला रंग भिंतीशीं जुळवून दाखविला, तेव्हां कोठें त्यांची खात्री पटली.