ताक प्यावे, पण भांडेही पाहावे

उन्हाळ्यात शेतावरून दुपारी घरी आलेल्या माणसाला तांब्याभर ताक मिळाले की त्याचा शीण निम्मा उतरतो. हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. पण अलीकडे औषधांच्या दुकानांत ‘प्रोबायोटिक’ या नावाच्या गोळ्या, पुड्या आणि बाटल्या दिसू लागल्या आहेत. पोटातले चांगले जीवाणू वाढवले की शिसे, पारा, आर्सेनिक यांसारखी विषे आपोआप बाहेर पडतात, असेही बोलले जाते. आम्हाला या बोलण्यात अर्धे सत्य दिसते. पूर्ण खोटे लवकर उघडे पडते, अर्धे सत्य मात्र घराघरांत शिरते. म्हणून या विषयावर आमचे मत स्पष्टपणे मांडावे असे वाटले.

आधी सत्य काय ते पाहू. शेतकऱ्याला जीवाणूंची ओळख नव्याने करून द्यायला नको. हरभऱ्याचे रोप उपटले की मुळावर गाठी दिसतात. त्या गाठींतले जीवाणू हवेतला नत्र पिकाला मिळवून देतात. शेणखत कुजवतात तेही जीवाणूच. आपले आतडे ही अशीच एक जिवंत जमीन आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका काळजीपूर्वक हिशेबाप्रमाणे माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जीवाणू असतात, आणि त्यांतले बहुतेक मोठ्या आतड्यात. त्यांचे एकूण वजन पावशेराहूनही कमी, पण कामे मोठी. आपल्याला न पचणारा कोंडा आणि भाजीचा चोथा ते खातात. त्यातून जी आम्ले तयार होतात त्यांच्यावर आतड्याचे अस्तर पोसले जाते. अस्तर धड असेल तर नको ते पदार्थ रक्तात सहज शिरत नाहीत.

विषारी धातूंशीही या जीवाणूंचा संबंध आहे. दही लावणाऱ्या जातीच्या काही जीवाणूंच्या बाहेरच्या आवरणाला शिसे, कॅडमियम यांचे कण चिकटतात, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. कण जीवाणूला चिकटला आणि जीवाणू शौचावाटे गेला, की तेवढे विष रक्तात जायचे राहिले. मासळीतून येणाऱ्या सेंद्रिय पाऱ्याचे कमी घातक रूपात रूपांतर करण्याचे कामही आतड्यातले काही जीवाणू करतात. उंदरांना प्रतिजैविके देऊन हे जीवाणू मारले, तेव्हा त्यांच्या शरीरातून पारा बाहेर पडण्याचा वेग मंदावला. २०१८ साली अमेरिकेतील मोंटाना स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी आर्सेनिकबाबत असेच दाखवले: जीवाणू नसलेले उंदीर लवकर मेले, आणि माणसाच्या आतड्यातले जीवाणू त्यांच्यात सोडल्यावर त्यांना संरक्षण मिळाले.

माणसांवर झालेला एक प्रयोग तर आपल्यासारख्याच साध्या लोकांमध्ये झाला. आफ्रिकेत टांझानिया देशात व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी म्वांझा नावाचे शहर आहे. तेथील ६० गरोदर स्त्रिया आणि ४४ शाळकरी मुले निवडण्यात आली. त्यांच्या रक्तात शिसे आणि पारा यांचे प्रमाण कॅनडातील त्याच वयाच्या लोकांपेक्षा जास्त निघाले. काहींना एका विशिष्ट जातीचे जीवाणू घातलेले दही दिले, इतरांना नुसते दूध दिले किंवा काहीच दिले नाही. दह्याच्या पाव किलोत ते जीवाणू सुमारे हजार कोटी होते. गरोदर स्त्रियांवर बाळंतपणापर्यंत लक्ष ठेवले, तेव्हा दही खाणाऱ्या स्त्रियांच्या रक्तात पारा आणि आर्सेनिक यांची पुढील वाढ रोखली गेल्याचे आढळले. हे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. गोळी नाही, इंजेक्शन नाही, साधे दही! आनंद वाटावा अशीच ही गोष्ट आहे.

पण वाचकहो, याच प्रयोगातली दुसरी बाजू सांगितली जात नाही. मुलांना हे दही २५ दिवस दिले गेले, आणि त्यांच्यात ठामपणे सांगता येईल असा फरक दिसला नाही. स्त्रियांमधला फायदा सांगितला गेला तो पारा आणि आर्सेनिक यांचा, शिशाचा नव्हे. प्रयोग लहान होता, आणि कोणाला दही मिळते आहे हे सर्वांना ठाऊक होते. शिवाय त्या दह्यातले जीवाणू निवडून घातलेले होते. आपल्या घरच्या विरजणात तीच जात असते असे नाही. मुख्य म्हणजे दह्याने नव्या विषाची भर थोडी अडवली. हाडांत जाऊन बसलेले शिसे दह्याने उपसून काढले, असे कोणी दाखवलेले नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे की ताक ही ढाल आहे. ढाल हाती आहे म्हणून कोणी बाणांपुढे मुद्दाम उभे राहत नाही. पहिले काम विष घरात येण्याची वाट बंद करण्याचे आहे.

या बाबतीत शेतकऱ्यांना एक जुनी घटना ठाऊक असायलाच हवी. इराक देशात १९७१ च्या अखेरीस परदेशातून गहू आणि जव यांचे बियाणे आले. बुरशी लागू नये म्हणून त्याला पाऱ्याचे औषध लावले होते आणि ओळखीसाठी रंग दिला होता. पोत्यांवरच्या सूचना खेड्यातल्या लोकांना वाचता येणाऱ्या भाषेत नव्हत्या. अनेकांना बियाणे मिळाले तेव्हा पेरणीची वेळ टळून गेली होती, आणि घरात धान्य नव्हते. लोकांनी ते धुतले. रंग गेला, म्हणून विषही गेले असे समजून त्यांनी त्याच्या भाकरी केल्या. पाऱ्याची लक्षणे दिसायला कित्येक आठवडे लागतात, त्यामुळे खाणाऱ्याला लगेच काही कळले नाही. पुढे हात-पाय बधिर झाले, चालताना तोल जाऊ लागला, दृष्टी गेली. १९७२ साली रुग्णालयांत ६,५३० माणसे दाखल झाल्याची आणि त्यांपैकी ४५९ दगावल्याची नोंद आहे. गर्भातल्या बाळांनाही ते विष पोहोचले. या माणसांना कितीही दही पाजले असते तरी ती वाचली नसती. त्यांना वाचवू शकली असती ती त्यांच्या भाषेतली एक चिठ्ठी आणि वेळेवर आलेले बियाणे.

आज आपल्याकडे बियाण्याला लावतात ती औषधे निराळी आहेत. पण तीही खाण्यासाठी नाहीत. रंगीत बियाणे उरले तर धुऊन दळू नये, कोंबड्यांना घालू नये आणि त्या पिशवीत घरचे तांदूळ भरू नयेत. पिशवी धुवून काय होते, असे म्हणणाऱ्याला इराकची गोष्ट सांगावी.

आता स्वयंपाकघराकडे वळू. कल्हई गेलेल्या पितळी भांड्यात ताक ठेवले की ते कळकते, हे आपल्या आयाबायांना पूर्वीपासून ठाऊक आहे. त्या असले ताक फेकून देत. आंबट पदार्थ धातू विरघळवतो, हेच त्यामागचे कारण. परंतु शिशाची गोष्ट याहून वाईट. कळकलेले ताक जिभेला कळते. शिसे कळत नाही. भंगार वितळवून केलेल्या स्वस्त ॲल्युमिनियमच्या भांड्यांत शिसे असू शकते. कल्हईच्या कथिलात कोणी शिसे मिसळले, तर तेही अन्नात उतरते. आणि आपण नेमके ताक, आंबील, चिंचेचे सार असे आंबट पदार्थच त्यात ठेवतो! ज्या ताकाने विष अडवायचे त्याच ताकाने भांड्यातले विष पोटात न्यावे, याला काय म्हणावे? दही-ताकाला स्टीलचे किंवा काचेचे भांडे वापरावे, नाही तर रंग व चकाकी न दिलेले साधे मातीचे गाडगे बरे.

दुसरी वाट अंगणातली. पंपाची किंवा ट्रॅक्टरची जुनी बॅटरी घरी फोडू नये. तिच्यातला मुख्य धातू शिसेच असतो. नदी-खाडीकाठचे आमचे काही बांधव जाळ्याला लावायची शिशाची वजने घरच्या चुलीवर ओततात. तो धूर आणि ती राख रांगत्या मुलाच्या हाताला लागते आणि हात तोंडात जातो. मोठ्या माणसाच्या पोटात गेलेल्या शिशाचा साधारण दहावा भाग रक्तात शिरतो. लहान मुलात हे प्रमाण चार-पाच पटींनी जास्त असते. त्याने मुलाची बुद्धी मंदावते, आणि ते नुकसान भरून येत नाही. रक्तातले अमुक इतके शिसे निर्धोक, अशी मर्यादा आजवर सापडलेली नाही.

तिसरी वाट बाजारातली. हळदीला झळाळी यावी म्हणून काही ठिकाणी शिसे असलेला पिवळा रंग चोळतात. बांगलादेशात हे मोठ्या प्रमाणावर चालत असे. २०१९ साली संशोधकांनी ते उघडकीस आणल्यावर सरकारने तपासण्या केल्या, दंड केले, लोकांना सावध केले. बाजारातल्या हळदीच्या नमुन्यांपैकी २०१९ साली शेकडा ४७ नमुन्यांत शिसे सापडले होते. २०२१ साली एकाही नमुन्यात सापडले नाही. अवघ्या दोन वर्षांत! आपल्या देशातही २००० सालापासून शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. एवढे काम कोणत्या गोळीने केले असते? आपण हळकुंडे घ्यावीत, घरी किंवा ओळखीच्या गिरणीत दळावीत. आणि हळद पिकवणाऱ्या बांधवांनी व्यापाऱ्याच्या चकाकीच्या मागणीला नकार द्यावा. आपली हळद कोणाच्या तरी लेकराच्या दुधात पडणार आहे, हे विसरू नये.

बाजारातला डोळ्यांचा सुरमा आणि अनोळखी माणसाकडची भस्मे यांबाबतही सांभाळावे. इंटरनेटवरून विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदिक औषधांची तपासणी अमेरिकेत झाली होती. २००८ साली आलेल्या त्या अहवालानुसार सुमारे दर पाचातल्या एकात शिसे, पारा किंवा आर्सेनिक मिळाले. आमचा रोख आयुर्वेदावर नाही. कोणी, कशापासून बनवले हे माहीत नसलेल्या पुडीवर आहे.

मग ताकाचे काय? ताक जरूर प्यावे. नाचणीची आंबील प्यावी. शेवग्याचा पाला, कडधान्ये, हिरव्या भाज्या खाव्यात. यात आमचा आग्रह केवळ जीवाणूंसाठी नाही. शरीरात लोह आणि कॅल्शियम कमी असले की आतडे शिसे जास्त ओढून घेते. लोह कमी असलेल्या स्त्रियांच्या अंगात कॅडमियमही जास्त जाते. आपल्याकडे पांडुरोग झालेल्या बायका किती आहेत हे सर्वांना ठाऊक आहे. घरात सर्वांची जेवणे झाल्यावर उरलेसुरले खाणारी सून गरोदर असेल, तर विषापुढे सर्वांत उघडी तीच असते. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. नाचणी ही गरिबाची म्हणून मागे टाकून आपण पांढऱ्या पावाच्या मागे लागलो, ही काही प्रगती नव्हे. प्रत्येक सर्दी-तापाला दुकानातून प्रतिजैविके आणून गिळणेही सोडावे. डॉक्टरांनी सांगितली तरच ती घ्यावीत, आणि सांगितली तितकी घ्यावीत. शेतात गरज नसताना फवारणी केली तर मित्रकिडीही मरतात, तसेच हे आहे.

विकतच्या प्रोबायोटिक गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नयेत. निरोगी माणसाला त्यांनी सहसा अपाय होत नाही, पण अकाली जन्मलेल्या बाळांना त्या धोक्याच्या ठरू शकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियंत्रण खात्याने २०२३ साली दिला आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली डॉक्टरांना मार्गदर्शन केले. रक्ताच्या एक डेसिलिटरमध्ये ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसे आढळले, तर आधी ते कोठून येते हे शोधावे आणि ती वाट बंद करावी, असे त्यात म्हटले आहे. लहान मुलाला किंवा गरोदर स्त्रीला लोह-कॅल्शियम कमी पडत असेल तर तेही द्यावे. आमचे म्हणणेही याहून वेगळे नाही. नेहमीच्या हिमोग्लोबिनच्या तपासणीत शिसे दिसत नाही. त्याची रक्ततपासणी वेगळी असते. घरात बॅटरीचे, भंगाराचे किंवा रंगाचे काम चालत असेल तर ती मागून घ्यावी. आरोग्य शिबिरे भरवणाऱ्यांनी या तपासणीची सोय करावी, अशी आमची मागणी आहे.

येत्या रविवारी घरच्या मंडळींनी एवढेच करावे: ताक कोणत्या भांड्यात ठेवतो, बियाण्याच्या रिकाम्या पिशव्या कोठे आहेत आणि जुनी बॅटरी कोणत्या कोपऱ्यात पडली आहे, हे एकदा पाहावे. मग सर्वांनी मिळून ताक प्यावे. पहिला पेला सुनेला द्यावा.