नाव बंगळुरूचे, तार कुणाची?

रामनगर जिल्ह्याला २०२५ मध्ये ‘बंगळुरू दक्षिण’ हे नाव मिळाले. आता तिथल्या कोणत्या वाडीत कोणत्या कंपनीचे इंटरनेट खरोखर पोहोचते, हे जाहीर करून घेणे कर्नाटक सरकारचे काम आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मोबाइल कंपन्यांनी सेवाक्षेत्राचे नकाशे संकेतस्थळावर द्यावेत, असे बंधन दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने २०२४ च्या नियमांत घातले. पण घरची जोडणी त्या नकाशावरून निवडता येत नाही. केंद्राच्या ‘भारतनेट’ योजनेची फायबर ग्रामपंचायतीच्या कचेरीत आली म्हणजे ती मळ्यातल्या घरात आली, असेही नव्हे. मग उरतो एजंट. तो अंगणात उभा राहून मोबाइलवर वेग दाखवतो आणि सहा महिन्यांचे पैसे आगाऊ घेतो. राउटर मात्र बसतो आतल्या खोलीत, जाड भिंतीआड. बिनतारी जोडणीत टॉवरची क्षमता सगळे वाटून घेतात. संध्याकाळी क्रिकेटचा सामना सुरू झाला की सकाळचा वेग कुठला? वीज गेल्यावर टॉवर किती तास तग धरतो, हे तर जाहिरातपत्रकात छापलेले आम्ही पाहिलेले नाही. आणि केंद्राच्या २०२३ च्या व्याख्येप्रमाणे २ एमबीपीएस मिळाले तरी ते ब्रॉडबँडच!

म्हणून प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर कंपनीचे नाव, जोडणी तारेची की बिनतारी आणि संध्याकाळचा मोजलेला वेग लावावा. पहिल्या महिन्यात तो वेग न मिळाल्यास आगाऊ रक्कम पूर्ण परत द्यावी. ही अट मान्य नसलेल्या कंपनीला पंचायतीच्या हद्दीत खांब वापरू देऊ नये. महाराष्ट्र सरकारकडेही आमची हीच मागणी आहे.