एचआयव्हीसह जगणारी गरोदर स्त्री आणि मलेरिया

गरोदरपणातला मलेरिया फसवा असतो. फाल्सिपेरम जातीचे जंतू असलेल्या रक्तपेशी वारेत चिकटून बसतात. त्यामुळे अनेकदा आईला ताप नसतो, बोटातून घेतलेल्या रक्तात जंतू सापडतीलच असे नाही. पण तिचे रक्त कमी होत जाते आणि बाळ कमी वजनाचे जन्मू शकते. मलेरियाच्या भागात पहिल्या बाळंतपणानंतर शरीर याविरुद्ध थोडी प्रतिकारशक्ती कमावते. एचआयव्ही असेल तर तीही नीट तयार होत नाही, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या खेपेलाही धोका राहतोच.

आफ्रिकेतल्या मलेरियाग्रस्त देशांत गरोदर स्त्रियांना चौथ्या महिन्यापासून ठरावीक अंतराने सल्फाडॉक्सिन-पायरीमेथामिनच्या गोळ्या देतात. एचआयव्ही असलेली स्त्री मात्र इतर संसर्ग टाळण्यासाठी रोज कोट्रायमोक्साझोल, म्हणजे आपली 'सेप्ट्रान', घेत असते. दोन्हींत सल्फा! एकत्र दिल्यास त्वचेवर गंभीर रिअ‍ॅक्शन येण्याचा धोका वाढतो, म्हणून तिला मलेरियाची गोळी देत नाहीत. हे योग्यच. पण 'देऊ नका' एवढे लिहून थांबणे मला पटत नाही. सेप्ट्रानने मलेरियाला थोडाफार आळा बसतो, पण तो पुरेसा नाही.

मेफ्लोक्विन वापरून पाहिले. केनिया, टांझानिया, मोझांबिकमधल्या अभ्यासात (२०१४) मलेरिया कमी झाला, पण उलट्या-चक्कर वाढली आणि आईकडून बाळाला एचआयव्ही होण्याचे प्रमाणही वाढलेले दिसले. पुढे केनिया आणि मलावीत सुमारे ९०० स्त्रियांच्या अभ्यासात रोजच्या सेप्ट्रानसोबत दरमहा डायहायड्रोआर्टेमिसिनिन-पिपराक्विन दिले. २०२४ मध्ये आलेल्या निष्कर्षांत मलेरियाचा संसर्ग निम्म्याहून खाली आला होता. हा पर्याय या स्त्रियांपर्यंत लवकर पोचायला हवा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्याकडे गरोदरपणात अशा प्रतिबंधक गोळ्या सरसकट देत नाहीत. भर असतो तो औषध लावलेल्या मच्छरदाणीवर आणि ताप आल्याबरोबर रक्ततपासणीवर. पण महाराष्ट्रात फाल्सिपेरमच्या उपचारात वर्षानुवर्षे आर्टेसुनेटसोबत हीच सल्फाडॉक्सिनची गोळी दिली गेली आहे. म्हणून गडचिरोलीसारख्या भागात राहत असाल आणि सेप्ट्रान चालू असेल, तर मलेरियाचे औषध घेण्याआधी डॉक्टरांना ते सांगाच. सेप्ट्रान किंवा एआरटी मनाने बंद करू नका.

फाईल का लपवली जाते, ते मला माहीत आहे. सासूबाई शेजारीच बसलेल्या असतात! अशा वेळी डॉक्टरांकडे दोन मिनिटे एकटीने बोलायला मागा. तेही जमले नाही, तर नुसती गोळ्यांची पट्टी त्यांच्यासमोर ठेवा.