स्ट्रीक तुटली? तुटू दे!

ऑफिसात हल्ली अध्यात्माचीही स्ट्रीक मोजतात. कोणी ध्यानाच्या ॲपवर, कोणी बायबल-वाचनाच्या. माझ्या टीममधला एक ख्रिस्ती मित्र परवा ऐरोलीच्या बसस्टॉपवर तोंड पाडून सांगत होता, "अडतीस दिवस झाले होते रे. काल रिलीज होतं, राहून गेलं. पुन्हा शून्य!" मला राग आला तो त्या ॲपचा. एक दिवस चुकला की सगळं शून्य, हा हिशोब देवाचा नव्हे, प्रॉडक्ट मॅनेजरचा आहे.

ख्रिस्ती माणसाची चिकाटी बघायची तर पंडिता रमाबाई बघा. शाळेत त्या आपल्याला 'समाजसुधारक' म्हणून दोन मार्कांपुरत्या भेटतात. त्यांची श्रद्धा आपण सोयीस्करपणे ऑप्शनला टाकतो.

१८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. झालं, पोचल्या? छे! तिथल्या सिस्टरांशी त्या पत्रांतून वाद घालत राहिल्या. जे पटत नाही ते पटत नाही, असं तोंडावर सांगत राहिल्या. पुढे त्यांनीच लिहून ठेवलंय की ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त सापडायला बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षं लागली. आठ वर्षं! बरं, 'अनुभव आला की बघू' म्हणून त्या थांबल्याही नाहीत. मधल्या काळात, १८८९ मध्ये, मुंबईत शारदा सदन उभं केलं.

नंतर केडगावला मुक्ती मिशन चालवता चालवता त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मुळावरून सोप्या मराठीत आणायला घेतलं. हे काम दीड दशकाहून जास्त चाललं. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी, मनोरमा, गेली. तरी काम सुटलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या तेव्हा भाषांतर पुरं झालं होतं. छापून आलं १९२४ मध्ये, मिशनच्याच छापखान्यातून. त्यांनी ते पुस्तक हातात घेतलंच नाही.

आता कोणी म्हणेल, ख्रिस्ती धर्मात तारण कृपेने मिळतं, मग एवढी धडपड कशाला? अहो, फ्रीशिप मिळाली म्हणून कोणाची सबमिशनं चुकलीत का? कृपा ही ॲडमिशन आहे, डिग्री नव्हे. त्याच धर्मातला पौल या आयुष्याला शर्यतीची उपमा देतो, आरामखुर्चीची नाही.

मी स्वतः ख्रिस्ती नाही. पण शंका असताना, घरात मरण झालेलं असताना, मन लागत नसताना माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा कामाला बसतो, त्यालाच मी साधना म्हणतो. ती कुठल्याही ॲपला मोजता येत नाही.

असो. केडगाव पुणे-दौंड लाईनवर आहे. पुढच्या लाँग वीकेंडला लोणावळ्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकण्यापेक्षा तिकडे जाऊन या.