श्रेयांक शहरात, रुग्ण सेमाडोहला

पावसाळा तोंडावर आला आणि डॉक्टरांसाठी व्याख्यानांची निमंत्रणे पुन्हा फिरू लागली. नोंदणी टिकवायला महाराष्ट्र वैद्यक परिषदेचे ३० श्रेयांक पाच वर्षांत जमवावे लागतात. ते बहुतेक शहरातल्या सभागृहांतच मिळतात. मेळघाटातल्या सेमाडोहच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरने त्यासाठी परतवाड्याचा घाट उतरायचा, आणि सिस्टर व आशाताईंना तर बोलावणेच नाही. शिकणे म्हणजे ऐकणे, या समजुतीवर मी वारंवार लिहितो, कारण तिची किंमत मेळघाट मोजतो. जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे पोट दुखून जाग येते, सूज नाही, दंशाची खूण दिसत नाही, मग पापण्या जड होतात. हा मण्यारचा दंश आहे, हे ज्या सिस्टरने एकदा पाहिले तिचा अनुभव हतरू किंवा हरिसालच्या सिस्टरपर्यंत पोहोचायला आज कोणती वाट आहे? महिन्याची बैठक होते, पण ती अहवाल आणि आकड्यांतच संपते.

जामखेडने ही वाट केव्हाच दाखवली. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली तिथे ग्रामीण आरोग्याचे काम सुरू केले. त्यांच्या ग्राम आरोग्य सेविकांपैकी अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्या नियमाने जामखेडला एकत्र जमत, मुक्काम करत, आपापल्या गावातल्या आजाऱ्यांबद्दल सांगत आणि एकमेकींच्या उपचारांवर प्रश्न विचारत. वेगवेगळ्या जातींच्या बायका एकत्र जेवत, एकत्र झोपत. चूक उघड बोलण्याचे धैर्य त्या सहवासातून आले, असे मला वाटते. सभागृहातल्या खुर्च्यांवर ते येत नाही.

आक्षेप असा की, अर्धवट माहितीची माणसे जमली तर चुकाच पक्क्या होतील. ही भीती खरी आहे, म्हणून गटात जाणकार हवाच. पण प्रश्न गटाने मांडावेत. अमेरिकेत न्यू मेक्सिकोमध्ये डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ पासून हेच केले: हेपॅटायटिस सी चे रुग्ण गावच्या डॉक्टरांनी मांडायचे, तज्ज्ञांनी दूरसंवादातून चर्चेत बसायचे. २०११ साली निष्कर्ष छापून आले. विद्यापीठाच्या दवाखान्यात ५७.५ टक्के रुग्ण बरे झाले, तर गावच्या डॉक्टरांकडे ५८.२ टक्के. वेळ कुठून आणायचा, हा दुसरा आक्षेप. महिन्याच्या बैठकीतले दोन तास द्या, आकडे आधी कागदावर मागवा. डॉक्टरसमोर सिस्टर बोलणार नाही, ही अडचण मात्र मोठी आहे. म्हणून पहिला रुग्ण सिस्टरने मांडावा, त्यानंतर डॉक्टरने आपला. परिषदेने या दोन तासांना श्रेयांक द्यावेत आणि सुरुवात सेमाडोह, हतरू, हरिसालपासून याच पावसाळ्यात करावी.